कांद्याच्या पट्टीचं वेब ॲप: डेटाबेसचं काम एकाच ठिकाणी ठेवा

नाशकात छोट्या क्लायंटची मागणी बहुतेक एकाच साच्यातली असते. पिंपळगावचा कांदा व्यापारी असो की अंबडचा वर्कशॉपवाला, एन्ट्री करायचीये, यादी बघायचीये, प्रिंट काढायचीये. म्हणून दरवेळी नव्याने लिहीत बसू नका, एकदा नीट तुकडे पाडा आणि तेच पुढे वापरा. मी जावा, टॉमकॅट (जावाचं वेब ॲप चालवणारा सर्व्हर) आणि मायएसक्यूएल डेटाबेस धरून सांगतोय.

समजा हिशोबपट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मालाच्या पैशांची द्यायची पावती, करायचीये. शेतकरी, गाडी नंबर, क्विंटलमध्ये वजन, लिलावातला भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा. वजन आणि पैसे डेसिमल कॉलममध्येच ठेवा, फ्लोटमध्ये ठेवले तर पैशापैशाचा फरक साचत जातो, संध्याकाळी रोकड जुळत नाही आणि फोन तुम्हालाच येतो.

मग एक साधा पट्टी क्लास, त्यात नुसती माहिती. दुसरा डीएओ, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा क्लास, सगळं एसक्यूएल (डेटाबेसला द्यायच्या सूचना) त्यातच. सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरची रिक्वेस्ट घेणारा क्लास, फक्त फॉर्ममधलं घेऊन डीएओला देणार आणि निकाल जेएसपीकडे, म्हणजे दिसणाऱ्या पानाकडे, पाठवणार. जेएसपीत एसक्यूएल अजिबात नको, कितीही घाई असली तरी. वजावटीचा हिशोब वेगळ्या क्लासमध्ये टाका, कारण दर बदलतात आणि तोच हिशोब स्क्रीन, प्रिंट, महिन्याचा रिपोर्ट सगळीकडे लागतो. क्वेरी कायम प्रिपेअर्ड स्टेटमेंटने करा (माहितीच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून ती वेगळी द्यायची), स्ट्रिंग जोडून केली तर नावात एक सिंगल कोट आला तरी मोडते, कुणी मुद्दाम काही घुसवलं तर मग विषयच संपला.

नवीन पोरं एक घोळ हमखास घालतात. टॉमकॅट एका सर्व्हलेटचा साधारण एकच ऑब्जेक्ट बनवतो आणि सगळ्या रिक्वेस्ट वेगवेगळ्या थ्रेडवर त्याच्यातूनच जातात, त्यामुळे 'चालू शेतकरी' असं क्लासच्या फील्डमध्ये ठेवलं की दोन काट्यांवर एकदम एन्ट्री झाल्यावर याचं वजन त्याच्या पट्टीवर. एकट्याने टेस्ट करताना हे दिसतच नाही. असा डेटा मेथडच्या आत ठेवा.

आता बिघाड. एरर आला की लॉग उघडा आणि सगळ्यात खालचा 'कॉज्ड बाय' वाचा, खरं कारण बहुतेक तिथेच असतं. 'नो सूटेबल ड्रायव्हर' दिसलं तर ड्रायव्हरचं जार (जावाला मायएसक्यूएलशी जोडणारी फाइल) वेब-इन्फच्या लिब फोल्डरमध्ये आहे का आणि कनेक्शन यूआरएलचं स्पेलिंग बरोबर आहे का ते बघा. जुन्या ट्युटोरियलचा कोड टॉमकॅट 10 वर चालत नसेल तर पॅकेजचं नाव जावाएक्सवरून जकार्ता झालंय, एवढंच.

सकाळी पहिलीच एन्ट्री फेल, लॉगमध्ये 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर', आणि नंतर रिस्टार्ट केलं की दिवसभर ठीक? म्हणजे तुम्ही डेटाबेसचं एकच कनेक्शन स्टॅटिक फील्डमध्ये (सगळ्यांना सामाईक) धरून बसलाय. मायएसक्यूएलचा वेट टाइमआउट डिफॉल्ट 28800 सेकंद असतो, म्हणजे 8 तास, खळं रात्री बंद राहिलं तेवढ्यात सर्व्हरने ते तोडून टाकलं. हिकारीसारखा कनेक्शन पूल (तयार कनेक्शन सांभाळून मागेल त्याला देणारी लायब्ररी) लावा, तो कनेक्शन डिफॉल्टने साधारण 30 मिनिटांत बदलतो.

पण पूल लावला म्हणजे सुटलो असं नाही, इथेच खरी माती होते. हिकारीत डिफॉल्टने जास्तीत जास्त 10 कनेक्शन, डीएओतल्या एखाद्या मेथडने घेतलेलं परत केलं नाही की ती एकेक गळत जातात, मग अकरावा माणूस 30 सेकंद ताटकळतो आणि एरर. 'थोडा वेळ छान चालतं मग अडकतं' अशी तक्रार आली की आधी हेच तपासा. कनेक्शन ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्येच उघडा (काम संपलं की ते आपोआप परत जातं), आणि गळती कुठे आहे कळत नसेल तर हिकारीचं लीक डिटेक्शन चालू करा, कनेक्शन कुठून घेतलं ते लॉगमध्ये दाखवतं. सगळं एसक्यूएल डीएओत असेल तर शोधायला एकच फाइल, जेएसपीत विखुरलेलं असेल तर बसा रात्रभर.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं सेव्ह झाली असतील तर ती अक्षरं गेलीच, परत टाइप करावी लागतील. टेबल आणि पान दोन्ही यूटीएफ-8 वर ठेवा, मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ8एमबी4 निवडा, आणि रिक्वेस्टचं एन्कोडिंग पहिलं पॅरामीटर वाचायच्या आधी सेट करा, नंतर केलेलं चालत नाही.

तारखेचंही बघा. सर्व्हर यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागच्या वेळेवर) असला आणि तारीख तिथूनच घेतली तर पहाटे साडेपाचच्या आधी भरलेल्या गाडीवर कालची तारीख पडते. जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्राम) आणि कनेक्शन दोन्हीकडे एशिया-कोलकाता टाइमझोन लावा, मग मध्यरात्रीनंतरची एक पट्टी करून प्रिंटवरची तारीख बघा.