आरमध्ये मोठा डेटा हाताळण्यापूर्वीची तयारी

मोठी फाइल आर या सांख्यिकी व डेटा-विश्लेषणाच्या संगणकीय भाषेत उघडण्यापूर्वी मोकळी रॅम किती आहे ते पाहावे, हे सांगायला नकोच. हिशेब मात्र आधी कागदावर मांडावा: दशांश संख्येला 8 बाइट लागतात, पूर्णांकाला 4, आणि केवळ खरे-खोटे सांगणाऱ्या मूल्यालाही 4. म्हणजे 10 कोटी दशांश संख्यांचा एकच स्तंभ 80 कोटी बाइट व्यापतो, आणि काम चालू असताना त्याची प्रत निघणारच असे धरून निदान तिप्पट जागा हाताशी ठेवावी. नको असलेले स्तंभ फाइल वाचतानाच गाळावेत. विंडोजवर मेमरी-लिमिट या फंक्शनने आरला मिळणाऱ्या मेमरीची मर्यादा वाढवण्याचा जुना सल्ला सोडून द्यावा, आरच्या 4.2.0 आवृत्तीपासून त्या फंक्शनचा काही उपयोग उरलेला नाही.

पुढची बाब सविस्तर लिहितो. डेटात कोणताही बदल करण्यापूर्वी त्याच डेटाला दुसरे एखादे नाव चिकटलेले नाही ना, याची खात्री करावी. एका व्हेरिएबलचे, म्हणजे डेटाला दिलेल्या नावाचे, मूल्य दुसऱ्याला दिले की आर त्या क्षणी प्रत काढत नाही. दोन्ही नावे एकाच जागेकडे निर्देश करतात. प्रत निघते ती त्यांपैकी एका नावाने पहिला बदल केला जातो तेव्हा, आणि व्हेक्टरमधला, म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांच्या रांगेतला, एकच आकडा बदलला तरी संपूर्ण व्हेक्टरची निघते. 2020 साली आलेल्या 4.0.0 आवृत्तीपासून आर प्रत्येक वस्तूचे संदर्भ, म्हणजे तिच्याकडे किती ठिकाणांहून निर्देश होतो ते, मोजते, त्यामुळे संदर्भ एकच असेल तर बदल बहुधा जागच्या जागी होतो. दुसरे नाव असेल तर होत नाही. तेव्हा पुढेमागे लागेल म्हणून ठेवलेले मूळ व्हेरिएबल शोधावे, लिस्टमध्ये ठेवलेले शोधावे, आणि फंक्शनच्या आत जन्मलेल्या फंक्शनने आपल्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये (नावे आणि त्यांची मूल्ये जिथे राहतात त्या जागेत) धरून ठेवलेले तर आवर्जून शोधावे, कारण ते समोर दिसत नाही. आरएम या फंक्शनने नाव पुसले जाते, डेटा नव्हे. दुसरे नाव शिल्लक असताना जीसी हे बिनवापराची मेमरी मोकळी करणारे फंक्शन कितीही वेळा चालवले तरी ती जागा सुटणार नाही, आणि नाव उरले नसेल तर आर स्वतःच ती केव्हातरी मोकळी करते.

येथे अंदाजावर विसंबू नये. लहान नमुना घेऊन त्यावर ट्रेसमेम हे प्रतींवर नजर ठेवणारे फंक्शन लावावे. प्रत निघाली की ते लगेच एक ओळ छापते. ही चाचणी आरस्टुडिओ या आर लिहिण्याच्या प्रोग्रामच्या बाहेर करावी, कारण तिथला व्हेरिएबलांची यादी दाखवणारा एन्व्हायर्न्मेंट पेन स्वतःच प्रत्येक वस्तूचा संदर्भ धरतो, म्हणजे पुन्हा तेच दुसरे नाव. वस्तूचा आकार सांगणाऱ्या ऑब्जेक्ट-साइज या फंक्शनच्या आकड्यावरही भिस्त ठेवू नये: एकच व्हेक्टर लिस्टमध्ये तीनदा असेल तर ते तो तीनदा मोजते, आणि एन्व्हायर्न्मेंटमधला ऐवज मोजतच नाही.

डेटा-टेबल हे आरचे पॅकेज वापरणाऱ्यांनी हीच खबरदारी उलट बाजूने घ्यावी. तिथे कोलन-बरोबर (:=) या चिन्हाने केलेला बदल प्रत न काढता जागेवरच होतो, म्हणून दुसऱ्या नावाखालचा डेटाही मुकाट्याने बदलतो. मूळ डेटा शाबूत हवा असेल तर आधी कॉपी हे फंक्शन वापरून खरी प्रत काढावी. नुसते दुसरे नाव देणे म्हणजे प्रत नव्हे, हे पुन्हा सांगतो.

लूपमध्ये डेटाफ्रेमचा, म्हणजे आरमधल्या तक्त्याचा, एकेक खाना बदलू नये. साधा व्हेक्टर पूर्ण लांबीचा आधीच तयार करून भरावा.

सांख्यिकी मॉडेल साठवताना सावध राहावे. फंक्शनच्या आत बांधलेल्या मॉडेलचा फॉर्म्युला त्या फंक्शनचे एन्व्हायर्न्मेंट सोबत नेतो, आणि आरच्या वस्तू साठवणाऱ्या आरडीएस फाइलमध्ये तिथला सगळा डेटा जातो. दुसरे नाव इथेही असतेच.

समांतर गणनेत स्वतंत्र प्रक्रियांचा क्लस्टर असेल तर पाठवलेल्या डेटाची प्रत्येक प्रक्रियेत वेगळी प्रत होते. हिशेबात ती धरावी. सत्र बंद करताना वर्कस्पेस, म्हणजे सत्रातल्या सगळ्या वस्तू, साठवू नये.