‘मला काही नको’ म्हणणाऱ्यांना दिवाळीला काय द्यायचं

आमच्या घरची दिवाळीची देण्याघेण्याची खरेदी माझ्या गळ्यात पडून आता वीस-बावीस वर्षं झाली. सासर-माहेर धरून चौदा जण. त्यातले दहा सोपे आहेत, त्यांच्यावर मी एक ओळ पण घालवणार नाही. उरतात चार: ‘माझं आता काय राहिलंय’ म्हणणारी आत्या, घरात सगळं असलेले मामंजी, प्रत्येक वस्तूत खोड काढणाऱ्या वन्सं आणि शुगरवाले काका. तुमच्याकडेही हे चौघं असणारच, नावं वेगळी.

यादी करा, बजेट ठरवा. झालं.

आता सोलापूरकरांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. चादर द्यायचं डोक्यात असेल तर जरा थांबा. आपल्याला वाटतं चादर कुणालाही चालते, म्हणून लग्न असो, वास्तुशांत असो, पुण्याला जायचं असो, आपली पिशवी चादरीनेच भरते. पुण्यात माझ्या मावसबहिणीच्या माळ्यावर मी स्वतः सात चादरी मोजल्यात, पाच अजून पिशवीतून बाहेरच आलेल्या नाहीत आणि त्यातल्या दोन मीच दिलेल्या. चादर उत्तम वस्तू आहे हो, पण ज्याची जुनी विरलेली तुम्ही डोळ्यांनी बघितली असेल त्यालाच द्या.

म्हणजे मुद्दा बघण्याचा आहे. इथेच सगळे घसरतात, मी पण सात-आठ वर्षं घसरत होते.

पहिली चूक म्हणजे विचारणं. ‘आत्या, तुला काय आणू?’ याला एकच उत्तर येतं, ‘काही नको गं, तू ये म्हणजे झालं’. फॅमिली ग्रुपवर विचारलं तर त्याहून वाईट, चार जण हात जोडलेले टाकतात आणि पाचवा भलत्याच कुणाला तरी काय पाहिजे ते सांगतो. ‘त्यांची आवड ओळखा’ असं जिथेतिथे लिहिलेलं असतं, तो सल्ला तर डोक्यात जातो. पंचाहत्तर वर्षांच्या बाईची आवड काय ओळखणार, तिने आयुष्यभर आवड बाजूला ठेवूनच संसार केला.

मग काय करायचं, तर साफसफाईच्या दिवशी जायचं. दसरा ते वसुबारस मध्ये साधारण १६-१७ दिवस मिळतात, त्यात प्रत्येक घर एकदा तरी उलटंपालटं होतं. माळा रिकामा, भांडी अंगणात, गाद्या उन्हात. ‘मी येते मदतीला’ म्हणायचं आणि खरंच मदत करायची, नुसतं बसून चहा पिऊन यायचं नाही. वर्षभर कपाटात असतं ते त्या दुपारी सगळं डोळ्यासमोर येतं.

बघायचं काय? एक, तारेने, दोरीने, रबराने बांधून चालवलेली वस्तू. दुसरं, न उघडलेले खोके, म्हणजे काय द्यायचं नाही ते आपोआप कळतं. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, रोज हातात असलेली पण झिजून गेलेली वस्तू, जी माणसाला स्वतःला झिजलेली दिसतच नाही. आत्याच्या न्हाणीघरातल्या दोरीवरचा टॉवेल असा होता. मधे इतका विरलेला की पलीकडची खिडकी दिसायची.

टॉवेल बघितला, खूश झाले, आणि इथे मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. म्हटलं आत्यासाठी आहे, तर भारीतला घेऊ. दुकानात सगळ्यात जाड, लोण्यासारखा मऊ टेरी टॉवेल निवडला, ५०० जीएसएमचा. दिवाळीनंतर महिन्याभराने गेले तर दोरीवर तोच जुना. नवा कुठाय विचारलं तर म्हणाली, ‘पिळायला येत नाही गं, मनगट दुखतं.’ कात्रीने मधून कापून अर्ध्याचं पायपुसणं केलं होतं तिने, आणि ते मात्र मस्त झालंय म्हणून मलाच दाखवत होती.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये, एवढंच. साधा मोठा टॉवेल ३० बाय ६० इंचाचा धरला तर ५०० जीएसएमला कोरडाच ५८० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि ३५०चा ४०० ग्रॅमच्या. कोरड्यात फरक पावणेदोनशे ग्रॅमचा, पण भिजल्यावर जाड टॉवेल पाणीही तेवढं जास्त धरतो, आणि ते सगळं संधिवात असलेल्या मनगटाने पिळायचं. शिवाय पावसाळ्यात तो दोन दिवस वाळत नाही, कुबट वास मारतो. दुकानदार जाड म्हणजे चांगला असंच सांगणार, त्याचं ऐकू नका.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. जुनं आहे तसंच द्यायचं, फक्त नवं. भारी नाही, मोठं नाही, ‘आजकाल हे निघालंय’ तर मुळीच नाही. जुना टॉवेल वितीने मोजून घ्या, जमलं तर किचनच्या काट्यावर ठेवा (विरल्यामुळे थोडा कमी भरेल, तेवढं धरून चाला), रंग फोटोत घ्या. दुसऱ्या वर्षी मी तसाच पातळ, निळ्या काठाचा आणला आणि देण्याआधी दोनदा धुतला, कारण नव्या टॉवेलवर फिनिशिंग असतं, तो पाणी टिपत नाही नुसता अंगावरून घसरतो, आणि आत्याने पहिल्याच दिवशी ‘हा कामाचा नाही’ म्हणून ठेवून दिला असता. धुताना सॉफ्टनर घालू नका, त्याने टिपणं अजून कमी होतं. नवी कोरी वस्तू धुऊन द्यायची म्हणजे कसंतरी वाटतं, कळतंय मला, पण तो टॉवेल गेली चार वर्षं दोरीवर आहे.

मामंजींचं प्रकरण याच्या पुढचं. त्यांच्या रेडिओचं मागचं झाकण तुटलेलं, सेल रबर बँडने धरून ठेवलेले. मी ब्लूटूथ स्पीकर आणला. त्यांनी दोन दिवस नातवाकडून लावून घेतला, तिसऱ्या दिवशी रबर बँड बदलला आणि परत रेडिओ. खरं तर फक्त झाकण पाहिजे होतं! शेवटी दुरुस्तीवाल्याकडून जुन्या रेडिओचं काढून बसवून आणलं, किरकोळ पैसे लागले, आणि ते आल्यागेल्याला रेडिओ उलटा करून दाखवत होते. दुरुस्तीपण भेट असते हे लोकांना पटत नाही, त्यांना वाटतं खोका दिसला पाहिजे. वन्संच्या सासूबाईंचं पितळेचं पातेलं कल्हई गेल्यामुळे पडून होतं, आंबट काही शिजवता येत नव्हतं त्यात. कल्हईवाला शोधायलाच चार दिवस गेले, पण त्याने भट्टी पेटवून नवसागर टाकून कथील फिरवलं आणि पातेलं आतून चांदीसारखं झालं. त्या वर्षीची सगळ्यात गाजलेली भेट ती.

खोड काढणाऱ्यांसाठी वेगळी युक्ती. वन्संना मी ‘माझ्यासाठी बघायचंय, चला जरा’ म्हणून मधल्या मारुतीच्या बाजारात घेऊन जाते. त्या कशाला छान म्हणतात तिकडे लक्ष द्यायचं नाही, त्या सगळ्यालाच छान म्हणतात, माझ्यासाठी आहे ना. हात कशाला दोनदा लावतात, किंमत उलटून बघून काय परत ठेवतात, ते बघायचं. दुसऱ्या दिवशी एकटीने जाऊन ते घ्यायचं. स्वतःच निवडलेल्या वस्तूत खोड काढता येत नाही. एकदा काढलीच त्यांनी, पण रंगात, वस्तूत नाही.

शुगरवाल्या काकांना शेंगाचटणी. मिठाई नको, आणि ते ‘शुगर फ्री’ लिहिलेले डबे पण नकोत, त्यात साखर नसली तरी बऱ्याचदा मैदा-खवा असतो. चटणी उखळात कुटलेली घ्या, तेल सुटून तिचा गोळा वळतो, मिक्सरची भुगा होते. सोबत कडक भाकरी द्यायची असेल तर आधी दातांची चौकशी करा, एवढंच सांगते.

बघून, मोजून चादरच पाहिजे असं ठरलं, तर ती तरी खरी घ्या. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तरी सोलापुरी म्हणून स्टिकर लावून काहीही विकतात. आमच्या शेजारच्या काकूंच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे माग, त्यांनी मला शिकवलं ते असं. चादर उलटी करायची, खऱ्या चादरीत नक्षी विणलेली असते, त्यामुळे तीच नक्षी मागे रंग उलटे होऊन दिसते, छापलेली असेल तर मागची बाजू फिकट. मग कडेचा एक धागा काढून जाळायचा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास आणि बोटाने विरणारी राख, पॉलिस्टर मिक्स असेल तर वितळून कडक मणी होतो. दुकानदार धागा काढू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. रंगासाठी ओला पांढरा रुमाल घासून बघा, गडद लाल-मरून असेल तर नक्की बघा. रंग गेला तर मिठाच्या पाण्यात टाका असं सगळे सांगतात, कच्चा रंग मिठाने पक्का होत नसतो, मीठ वाया जातं.

बिल जपून ठेवा. पॅकिंगला कापडी पिशवी पुरते. चमकीचा कागद आणलात तर आत्या तो सेलोटेप नखाने सोडवत, न फाडता काढते, घडी घालून गादीखाली ठेवते, आणि पुढच्या वर्षी त्याच कागदात गुंडाळून मला काहीतरी देते.