छंदासाठी गाळा भाड्यानं घेताय? मालमत्ता कराच्या या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागात बंद पडलेले मागांचे कारखाने हल्ली सर्रास भाड्याला मिळतात. चार माग मावतील एवढं पत्र्याचं शेड, कोपऱ्यात पाण्याचा हौद, भिंतीला जुना थ्री फेज मीटर. निवृत्तीनंतर लाकूडकाम करणारे, जुन्या राजदूत-येझदी मोटारसायकली खोलून पुन्हा जोडणारे, मातीकामाचं चाक ठेवायला घरात जागा नसलेले, अशांना ही जागा फार सोयीची पडते. भाडं ठरतं, डिपॉझिट दिलं जातं, यंत्रं टेम्पोतून उतरतात. मालमत्ता कराचं काय, असं विचारलं की उत्तर एकच: "ते मालक बघतील की ओ." पुढं बिल आलं की मालक म्हणतात, "वापरताय तुम्ही, मग भरायचं कुणी?"

"मी काही विकत नाही, मला व्यावसायिक कर कसा?"

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. मालमत्ता कर हा उत्पन्नावरचा कर नाही. तुम्ही महिन्याला दहा खुर्च्या विकता की वर्षात नातवासाठी एक पाळणा करता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कर जागेवर बसतो आणि आकारणीत मुख्य भेद निवासी की बिगरनिवासी एवढाच. छंदासाठी वेगळा रकाना नाही. त्यामुळं "आम्ही हौशी आहोत" असा अर्ज घेऊन महापालिकेच्या झोन कार्यालयात जाण्यात अर्थ नाही.

अर्थ आहे तो गाळा ठरवण्याआधी मालकांकडून चालू वर्षाचं बिल मागून घेण्यात. घराच्या बिलात नसलेली एक ओळ त्यात शोधा: रोजगार हमी कर. हा राज्य सरकारचा कर महापालिका गोळा करून देते आणि तो फक्त बिगरनिवासी मिळकतींवर लागतो. शिक्षण करही बिगरनिवासीला जास्त दरानं असतो. रोजगार हमीची ओळ दिसली, तर जागेची नोंद आधीच बिगरनिवासी आहे. तुमच्या रंध्यामुळं वर्गवारी बदलणार नाही. ओळ नसेल, तर मालकांनी घर म्हणून नोंदलेली खोली तुम्हाला कारखाना म्हणून दिली आहे. उद्या पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याला आत करवत दिसली की आकारणी फिरणार, आणि वाढलेला कर कुणाच्या खिशातून जाणार हा वाद तिथंच सुरू होणार. तो वाद किल्ली घेण्याआधी मिटवलेला बरा.

एक आगाऊ सल्ला. "असू दे, फुकट आहे" म्हणून गाळ्याच्या पत्त्यावर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) किंवा शॉप ॲक्टचा कागद काढून ठेवणारे बरेच असतात. धंदा करायचा नसेल तर हे उद्योग करू नका. घरमालकाशी किंवा कार्यालयाशी उद्या वाद झाला, तर इथं व्यवसाय चालतो याचा पुरावा तुम्हीच तयार करून ठेवलेला असतो.

भाडं कमी दाखवायचं, बाकी रोखीनं

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या करनियमांत करयोग्य मूल्य काढायची पद्धत सरळ आहे. जागेला वर्षाला जे वाजवी भाडं येईल ते धरायचं, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. महिना ४००० रुपये भाडं म्हणजे वर्षाचे ४८,०००. वजावट ४८०० आणि करयोग्य मूल्य ४३,२००. सर्वसाधारण कर, सफाई, पाणी, रस्ता वगैरे टक्केवाऱ्या या आकड्यावर चालतात.

म्हणून काही मालक सुचवतात, करारात दोन हजार लिहू, उरलेले हातात द्या. मालकांचा कर यात वाचतो, तुमचं नुकसान होतं. डिपॉझिट परत मागायची वेळ आली, की कागदावर नसलेल्या पैशाला कुणी विचारत नाही. याला स्पष्ट नाही म्हणावं.

दुसरा गैरसमज असा, की ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्क्याच्या हिशेबानं, महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. यासाठी साध्या स्टँपवर नोटरी करून मोकळं होण्यात बचत ती काय?

"टॅक्स तुमच्याकडे" हे तोंडी ठरवणं

गाळा भाड्यानं दिलेला असला, तरी कर भरायची पहिली जबाबदारी कायद्यानं भाड्यानं देणाऱ्याची. आपसात वेगळं ठरवायला हरकत नाही, पण ते नेमक्या शब्दांत हवं. "सर्व कर भाडेकरू भरेल" हे तयार नमुन्यातलं वाक्य घातक आहे; त्यात मागची थकबाकी येते, शास्ती म्हणजे दंड येतो, उद्याची फेरआकारणीही येते. त्याऐवजी असं लिहून घ्या:

"मिळकत क्रमांक अमुक, या मिळकतीचा कराराच्या तारखेपूर्वीचा सर्व कर, थकबाकी व शास्ती मालक भरतील. करार काळातील चालू मागणी मालक भरतील. भाडेकरूच्या वापरामुळे आकारणी वाढल्यास वाढीव फरक भाडेकरू देईल. तो मूळ बिल पाहून, भरणा पावतीची प्रत घेऊनच. जागा छंदासाठी असून येथे विक्री वा कामगार नाहीत."

मिळकत क्रमांक बिलावरूनच उतरवा. पूर्व भागात एकाच आवारात घर, कारखाना आणि मागची खोली असते. क्रमांक कधी एक, कधी तीन. वाढीव फरक द्यायचं कबूल करून आवारातल्या सगळ्या भाऊबंदांचा कर भरत बसलेले लोक आहेत.

थकबाकी न बघता यंत्रं आत नेणं

करमागणी सहामाही असते, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरपासून देय. वेळेत न भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४. पाच वर्षं कुलूप असलेल्या कारखान्याच्या सगळ्यात जुन्या बिलावर शास्तीच मूळ कराच्या पुढं निघालेली असू शकते. मालक म्हणतात, माफीची योजना येणार आहे. येईलही. तुम्ही तिच्या भरवशावर राहू नका.

मालकांनी भरलं नाही, तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४० खाली महापालिका भोगवटादाराला, म्हणजे तुम्हाला, बिल बजावू शकते. तुम्ही जागेत नव्हता त्या काळाची बाकी मात्र या कलमानं तुमच्याकडून वसूल होत नाही, आणि तुम्ही भरलेली रक्कम मालकांच्या खात्यावर वळती धरता येते, म्हणजे भाड्यातून कापून घेता येते. हे ऐकून बरं वाटतं. पण कर हा मिळकतीवरचा पहिला बोजा असतो आणि सील शटरला लागतं. आत तुमची लेथ असली तरी ती बाहेर काढायला आधी खेटे घालावे लागतात. म्हणून थकबाकी शून्य झाल्याची पावती बघा, मगच टेम्पो बोलवा.

तसं बिल आलंच, तर मालकांना लेखी कळवून भरा आणि पावतीवरचा मिळकत क्रमांक ताडून पाहा. नाव मालकांच्या आजोबांचं असेल, त्यानं दचकू नका. जुन्या पेठांत ते नेहमीचंच. वारसानं वर्षाच्या आत मृत्यूची खबर द्यायची असते. कुणी देत नाही.

आकारणी चुकली तर

पाहणीला आलेला माणूस शेड बघून सवयीनं "कारखाना" लिहून जातो. तुम्ही हजर असाल तर काय लिहिलं ते वाचा. भाडं, मोजमाप आणि वापर हे तीन रकाने महत्त्वाचे. मोजमाप स्वतः टेप लावून तपासा, कारण शेजारच्या गाळ्याची भिंत धरलेली असते. आकारणी वाढवायची असेल तर विशेष नोटीस येते. हरकत तिच्यावर छापलेल्या मुदतीत, लेखी, पोच घेऊनच द्यायची. काउंटरवर जाऊन तावातावानं बोलणं म्हणजे हरकत नव्हे. सुनावणीत निकाल विरुद्ध गेला तर कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे, मुदत १५ दिवस, आणि मागणीची रक्कम आधी भरावी लागते. छंदाच्या गाळ्यासाठी एवढ्या लांब जाणं सहसा परवडत नाही, म्हणून हरकतीची पायरी चुकवू नका.

किरकोळ वाटणाऱ्या, पण महाग पडणाऱ्या

लाकडं ठेवायला पोटमाळा किंवा पुढं पत्र्याचा आडोसा परवानगीशिवाय काढू नका. अवैध बांधकाम ठरलं तर कलम २६७-अ खाली मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती बसू शकते, आणि बोट तुमच्याकडेच दाखवलं जातं.

कार्यालय कोणतं ते आधी पाहा. बाळे, शेळगी, सोरेगाव महापालिकेच्या हद्दवाढीत; कुंभारीकडं गेलात तर ग्रामपंचायत, आणि बिलाऐवजी नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा. एमआयडीसीतला भूखंडधारक पोटभाड्यानं देत असेल, तर एमआयडीसीची परवानगी आहे का ते विचारा.

मीटर हा कराचा विषय नसला तरी सांगतो. यंत्रमागाला महावितरणचा वेगळा दर आहे. त्याच मीटरवर रंधा चालवला तर वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं, अशा वापराच्या सगळ्या काळाची, आणि तो काळ ठरवता आला नाही तर मागच्या एका वर्षापर्यंतची आकारणी होऊ शकते. मालकांकडून वर्गवारी बदलून घ्या.

जागा सोडताना शेवटच्या पावतीची प्रत आणि किल्ली परत दिल्याची सही घ्या. आकारणी यादीत भोगवटादार म्हणून तुमचं नाव चढलं असेल तर ते काढण्याचा अर्ज मालकांच्या सहीनं त्याच आठवड्यात द्या. डिपॉझिट हातात पडल्यावर सहीला मालक भेटत नाहीत, आणि डिपॉझिट अडकलं असेल तर तुम्हीच त्यांना भेटत नाही.