सेकंड हँड इलेक्ट्रिक बाईकची खरी रेंज : या चुका टाळा

सेकंड हँड इलेक्ट्रिक बाईक बघायला गेलं की विकणारा आधी चावी फिरवून डिस्प्ले दाखवतो. "हे बघा, शंभर टक्के चार्ज, रेंज 130." आपणही तो आकडा पेट्रोलच्या काट्यासारखा वाचतो आणि मनात ऑफिसच्या फेऱ्या मोजायला लागतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

पेट्रोलची टाकी गाडी जुनी झाली म्हणून लहान होत नाही. बॅटरी होते. शिवाय डिस्प्लेवरची रेंज हा नुसता अंदाज असतो. काही गाड्या कंपनीने ठरवून दिलेल्या सूत्रावर तो काढतात, काही गेल्या काही किलोमीटरच्या वापरावर. मालकाने दोन दिवस इकोमध्ये (वीज वाचवणाऱ्या मोडमध्ये) हळू चालवली असेल, तर दुसऱ्या प्रकारच्या गाडीत आकडा आपोआप फुगतो. यात फसवणूक असतेच असं नाही, पण त्या आकड्यावर पैसे मोजू नका.

जाहिरातीतले दीडशे कुठून येतात

आपल्याकडे वर्षानुवर्षं जाहिरातीत सांगितली गेलेली रेंज बहुतेक आयडीसी, म्हणजे इंडियन ड्रायव्हिंग सायकल या चाचणीची आहे. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालते. 108 सेकंदांचं एक आवर्तन, जास्तीत जास्त वेग ताशी 42 किलोमीटर, सरासरी 22 च्या आसपास. समोरून वारा नाही, खड्डे नाहीत, मागे कोणी बसलेलं नाही. असं चालवलं तर तेवढी रेंज मिळेलही, पण आपण असं चालवत नाही.

रिव्होल्ट आरव्ही 400 चं उदाहरण घ्या, कारण जुन्या बाजारात ही गाडी बरीच दिसते. बॅटरी 3.24 युनिटची (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, लाईट बिलातलंच). कंपनीने सांगितलेली रेंज इकोमध्ये 150, नॉर्मलमध्ये 100, स्पोर्टमध्ये 80 किलोमीटर. भागाकार केला की किलोमीटरमागे साधारण 22, 32 आणि 40 वॅट-तास निघतात. गाडी तीच, बॅटरी तीच, आणि मोड बदलला की खर्च जवळपास दुप्पट.

आता वय धरा. बॅटरीची क्षमता 80 टक्के उरली असेल, तर हातात 2.6 युनिट. नॉर्मलमध्ये 80 किलोमीटर. शेवटचे 15 टक्के राखीव ठेवा (ठेवाच, कारण तळाशी गेल्यावर बऱ्याच गाड्या वेग कमी करतात), म्हणजे निर्धास्त 68. स्पोर्टमध्ये 54. दीडशेची गाडी म्हणून घेतली आणि रोज हडपसर-हिंजवडी जाऊन-येऊन करायचं ठरवलं, तर हा हिशोब आधी केलेला बरा.

दोन किलोमीटरच्या चक्करवर भरवसा

सोसायटीला एक फेरी मारून पिकअप कळतो, बॅटरी कळत नाही. ती कळते भिंतीतल्या प्लगवर, आणि याबद्दल मला कळकळीने सांगायचंय, कारण हे फार कमी लोक करतात.

इलेक्ट्रिकच्या दुकानात प्लगला लावायचा छोटा युनिट मीटर मिळतो. गाडी पाच-दहा टक्क्यांपर्यंत उतरवा, मीटर लावा, शंभर टक्के होईपर्यंत चार्ज करा आणि किती युनिट गेले ते लिहून ठेवा. चार्जरमध्ये आणि बॅटरीत मिळून दहा-पंधरा टक्के वीज उष्णता होऊन जाते, तेवढी वजा करा. माझ्या गाडीची बॅटरी कागदावर 4 युनिटची. 6 टक्क्यांवरून 100 पर्यंत मीटरने 3.6 युनिट दाखवले. बारा टक्के वजा केले की 3.17 उरतात. हे 94 टक्के भरण्याचे, म्हणून पूर्ण बॅटरी 3.37 ची. म्हणजे क्षमता सुमारे 84 टक्के. किंमत ठरवताना मी विकणाऱ्यासमोर हाच कागद ठेवला आणि पुढचं बोलणं दहा मिनिटांत संपलं.

सर्व्हिस सेंटरला बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट मिळत असेल तर तोही घ्या. दोन्ही आकडे जुळले तर उत्तमच.

यानंतर राइड घ्या ती तुमच्याच रोजच्या रस्त्यावर, निदान वीस-पंचवीस किलोमीटर, आणि अंतर फोनच्या जीपीएसवर मोजा. सुरुवात 80 टक्क्यांच्या आसपास करा. वरचे पाच-दहा टक्के पुष्कळ गाड्यांत उगाच टिकतात, त्यावरून गुणाकार केला की हिशोब फसतो.

वेग, घाट आणि डबलसीट

किलोमीटरमागे लागणारा हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 45 च्या जागी 70 ने गेलात तर तो जवळपास अडीच पट. हायवेवर रेंज गळते त्याचं मुख्य कारण हेच.

घाटाचं गणितही सोपं आहे. खोपोलीहून लोणावळ्याला जुन्या रस्त्याने साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ आहे. गाडी आणि दोघं मिळून 250 किलो धरले, तर नुसतं वर चढायला 0.37 युनिट, मोटरमधला तोटा धरून 0.45. आरव्ही 400 च्या नॉर्मल मोडच्या हिशोबाने सपाटीवरची चौदा किलोमीटर तिथेच गेली. उतरताना रिजनरेटिव्ह ब्रेकिंगने (ब्रेक लावताना मोटरच बॅटरी चार्ज करते) यातला थोडाच भाग परत मिळतो. आणि बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर सुरुवातीला तेवढाही नाही, कारण ठेवायला जागाच नसते. ज्यांचं घर टेकडीवर आहे त्यांनी नव्वदला चार्जिंग थांबवून निघावं.

रेंज अचानक घटली तर

लगेच बॅटरीला दोष देऊ नका. आधी टायरमधली हवा बघा. मग मागचं चाक उचलून हाताने फिरवा. गेल्या पावसाळ्यानंतर माझी रेंज 78 वरून 64 वर आली. बॅटरी बदलायची वेळ आली म्हणून पोटात गोळा आला होता. एका संध्याकाळी घरी पोचल्यावर मागच्या ब्रेकच्या डिस्कजवळ हात नेला तर धग लागली, पुढची थंडगार होती. कॅलिपरमध्ये (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) चिखल वाळून बसला होता आणि ब्रेक पॅड सतत घासत होते. साफ करून पिनांना ग्रीस लावलं, आठवड्यात आकडा परत आला.

थंडीतही रेंज उतरते. निफाडकडच्या डिसेंबरातल्या पहाटे हे स्पष्ट जाणवतं, पण थंडी सरली की भरून येतं. उन्हाचं तसं नाही. विदर्भातल्या मे महिन्यात पूर्ण चार्ज केलेली गाडी रोज उन्हात उभी राहिली, तर गेलेली क्षमता परत येत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना ती कुठे उभी असायची हे जरूर विचारा.

टक्के 25 वरून एकदम 8 वर पडत असतील तर दोन शक्यता. एक, मोजमाप चुकलंय. ओबेन रॉरसारख्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलच्या गाड्यांत हे जास्त होतं, कारण त्या सेलचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास सारखाच राहतो आणि बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) टक्के ओळखणं अवघड जातं. पूर्ण चार्ज करून पुढे दोन-तीन तास प्लग तसाच ठेवा, असं दोन-तीनदा करा. दुसरी शक्यता, एखादा सेल खरंच कमजोर आहे. वरचा उपाय करूनही टक्के कोसळत असतील तर वेगवेगळ्या सेलच्या व्होल्टेजमधला फरक तपासून घ्या, आणि गाडी अजून घेतली नसेल तर सोडून द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात: मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 बरोबरच गाडीच्या ॲपचं खातं तुमच्या नावावर होतंय का, आणि बॅटरीची वॉरंटी नव्या मालकाला लागू आहे का, हे लेखी घ्या. बॅटरीवरचा नंबर वॉरंटीच्या कागदावरच्या नंबराशी ताडून बघा.

गाडी बघायला जाण्याच्या आदल्या दिवशीच मालकाला फोन करून सांगा, "बॅटरी दहा टक्क्यांवर आणून ठेवा, आम्ही चार्ज करून बघणार." पूर्ण चार्जला चार-पाच तास जातात, त्यामुळे सकाळी लवकर पोचा आणि युनिट मीटर पिशवीत विसरू नका.