साथीच्या काळात संशोधनासाठी निधी कसा मिळवावा आणि निबंध कसा प्रसिद्ध करावा : खान्देशातील प्राध्यापक व डॉक्टरांसाठी

साथ आली की संशोधनासाठी पैसा अचानक उपलब्ध होतो, पण तो मागण्यासाठी मिळणारी मुदत फार थोडी असते. 2020 च्या मार्चमध्ये विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने, म्हणजे सर्बने, विषाणूविरोधी औषधे, लस आणि परवडणाऱ्या निदानचाचण्या यांसाठी खास प्रस्ताव मागवले. करोनाच्या गणिती मॉडेलिंगसाठी सर्बच्याच मॅट्रिक्स या गणिताच्या योजनेतून वेगळी मागणी निघाली, तर जैवतंत्रज्ञान विभाग आणि त्याचा बायरॅक हा सरकारी उपक्रम यांनी उद्योग व संस्था यांना एकत्र आणणारी योजना जाहीर केली. अशा मागणीचे परिपत्रक विद्यापीठातून महाविद्यालयात आणि तिथून विभागाच्या टेबलावर येईपर्यंत बरेचसे दिवस निघून गेलेले असतात. म्हणून ज्या कामांना वेळ लागतोच, ती सगळी साथ नसतानाच उरकून ठेवावीत. सर्बचे काम आता 2023 च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन पाहते; त्याच्या पोर्टलवर आणि आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पोर्टलवर आपली नोंदणी, बायोडेटा आणि ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा जागतिक ओळख क्रमांक) आजच अद्ययावत करून ठेवावेत.

या तयारीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे. माणसांवरील कोणत्याही अभ्यासाला, मग तो साधी प्रश्नावली भरून घेण्याचा का असेना, कमिटीची मान्यता आधी घ्यावी लागते, आणि नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार अशा कमिटीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असावी लागते. आपल्याकडच्या अनेक कला-विज्ञान महाविद्यालयांत अशी कमिटी नसते. त्यांनी धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी लेखी करार करून ठेवावा. 2020 च्या एप्रिलमध्ये आयसीएमआरने साथीच्या काळात कमिटीच्या बैठका ऑनलाइन घेण्याची आणि प्रस्ताव त्वरेने तपासण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली, पण त्या त्वरेचा लाभ जिचे कागद आधीपासून जागेवर आहेत अशाच संस्थेला होतो. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल, तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत ती नोंदवावी. 1 एप्रिल 2018 पासून चाचणी सुरू झाल्यानंतरची नोंदणी तिथे स्वीकारली जात नाही.

प्रश्न निवडताना मोह आवरावा. लस शोधण्याचे आश्वासन देणारा प्रस्ताव आपल्या प्रयोगशाळेतून गेला तर परीक्षक तो पहिल्या पानावरच बाजूला ठेवतील. त्याउलट काही प्रश्नांची उत्तरे खान्देशाबाहेरच्या संशोधकाला आपल्याशिवाय मिळणारच नाहीत. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. अशा रुग्णांत श्वसनाच्या साथीचा आजार कसा वळण घेतो? टाळेबंदीत सुरतेहून पायी आणि मिळेल त्या वाहनाने परतलेल्या मजुरांच्या गावांत संसर्ग कोणत्या क्रमाने पसरला? नंदुरबार जिल्हा प्रशासनाने दुसऱ्या लाटेपूर्वीच ऑक्सिजन प्रकल्प उभारले होते. त्याचा तालुक्याच्या रुग्णालयांतील मृत्यूंवर काय परिणाम झाला? असे प्रश्न लहान वाटले तरी त्यांचे उत्तर खरे निघते आणि उपयोगी पडते. करोनावरील उपचार तपासणाऱ्या ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचे यशही साधेपणात होते. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध घेऊन मृत्यू कमी होतात का, एवढेच तिने त्या औषधापुरते विचारले, आणि ते औषध दिलेल्या 2,104 रुग्णांची तुलना नेहमीच्या उपचारांवरील 4,321 रुग्णांशी करून 2020 च्या जूनमध्ये जगाला उत्तर दिले.

अंदाजपत्रकात मनुष्यबळ, उपकरणे, उपभोग्य वस्तू, प्रवास, किरकोळ खर्च आणि ओव्हरहेड (संस्थेचा सामायिक खर्च) हे रकाने असतातच. साथीत किट आणि रसायनांचे भाव चढतात, म्हणून जुने कोटेशन जोडू नये. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर जायचे असेल तर प्रवास आणि दुभाष्याचे मानधन मोकळ्या मनाने दाखवावे; ते लपवून प्रस्ताव स्वस्त केला की पुढे कामच अडते. मंजुरीनंतर जीएफआर 12-ए नमुन्यातील विनियोग प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता थांबतो, म्हणून लेखापालांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे.

संमतीपत्राबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे आपल्या भागाची खरी परीक्षा असते. प्रमाण मराठीत छापलेले दोन पानी संमतीपत्र धडगावच्या पाड्यावरील आजीपुढे ठेवून अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. मजकूर तिच्या पावरी किंवा भिली बोलीत, जळगाव-धुळ्याच्या गावांत अहिराणीत, तोंडी सांगावा; तो सांगताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा आणि त्याची सही घ्यावी. निरक्षर सहभागीसाठी निःपक्ष साक्षीदार असावा, हे आयसीएमआरच्या 2017 च्या तत्त्वांतच आहे. आशाताई किंवा ग्रामपंचायतीचा कर्मचारी शेजारी उभा असेल तर नाही म्हणण्याची मोकळीक राहते का, हेही पाहावे. नकार दिल्याने रेशन, लस किंवा उपचार थांबणार नाहीत, हे वाक्य सर्वांत आधी सांगावे.

माहिती गोळा करताना घाई अजिबात करू नये. ग्रामीण रुग्णालयाची नोंदवही उघडली की एकच बाई एकदा माहेरच्या आडनावाने आणि एकदा सासरच्या आडनावाने दिसते, वय एका ओळीत 35 आणि दुसऱ्या ओळीत 40 असते, आणि नमुना घेतल्याच्या तारखेच्या जागी अहवालाची तारीख लिहिलेली असते. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे नोंदी भराव्यात, फरक मूळ वहीशी ताडून पाहावेत, नावे काढून टाकावीत आणि विश्लेषणाची फाइल तारखेसह कायम करून ठेवावी. मूळ माहिती सहलेखकांपैकी निदान दोघांनी स्वतः पाहिलेली असावी. 671 रुग्णालयांतील 96,032 रुग्णांच्या माहितीवर आधारल्याचे सांगणारा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावरील निबंध लॅन्सेटमध्ये 22 मे 2020 रोजी आला आणि 4 जूनला मागे घ्यावा लागला, कारण सर्जिस्फिअर या कंपनीची ती मूळ माहिती स्वतंत्र तपासणीसाठी कुणाला मिळालीच नाही. पीअर रिव्ह्यू, म्हणजे इतर तज्ज्ञांकडून समपरीक्षण, झाला होता, जर्नल नामांकित होते, तरी पाया कुणी पाहिलेला नव्हता.

प्रीप्रिंट, म्हणजे समपरीक्षणाआधीचा मसुदा, संकेतस्थळावर टाकावे का, याचे माझे उत्तर होय असे आहे. मात्र त्याचे स्थान ओळखून. मेडआर्काइव्ह हे वैद्यकीय प्रीप्रिंटचे संकेतस्थळ 2019 च्या जूनमध्ये सुरू झाले. तिथे एथिक्स मान्यतेचा तपशील, निधीचा स्रोत आणि हितसंबंधांचे निवेदन मागितले जाते. एखाद्या रुग्णाचा केस रिपोर्ट तिथे घेतला जात नाही. 31 जानेवारी 2020 रोजी बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या प्रीप्रिंट संकेतस्थळावर दिल्लीतील संशोधकांचा एक मसुदा आला. करोना विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनात (स्पाइकमध्ये) एचआयव्हीशी साम्य असल्याचा त्याचा दावा जगभरच्या शास्त्रज्ञांनी लगेच खोडून काढला आणि 2 फेब्रुवारीला तो मागे घेतला गेला. उघड्यावर टाकलेली चूक अशी दोन दिवसांत दुरुस्त होते. त्याउलट हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरील फ्रान्समधला एक छोटा अभ्यास जर्नलने 16 मार्च 2020 ला मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी स्वीकारला, आणि तो मागे घेतला गेला 2024 च्या डिसेंबरमध्ये. मधल्या काळात त्याच्या आधारे किती रुग्णांना गोळ्या दिल्या गेल्या असतील! म्हणून प्रीप्रिंटच्या पहिल्याच पानावर ‘समपरीक्षण झालेले नाही’ हे ठळक लिहावे आणि ते होईपर्यंत स्थानिक वर्तमानपत्रांना उपचाराचा दावा म्हणून काही देऊ नये.

जर्नल निवडताना तीन दिवसांत छापून देतो असा ईमेल आला की तो पुसून टाकावा. यूजीसीने मान्य जर्नलांची आपली केअर यादी 2025 च्या फेब्रुवारीत बंद केल्यामुळे तपासणीची जबाबदारी आता आपल्यावर आहे. जर्नल ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’ या सूचीत आहे का, संपादक मंडळातील व्यक्ती त्यांच्या स्वतःच्या संस्थेच्या पानावर ती जबाबदारी सांगतात का, आणि शुल्क किती हे आधी उघड लिहिले आहे का, एवढे पाहिले तरी बनावट जर्नले बहुतेक गळून पडतात. काही आंतरराष्ट्रीय जर्नलांचे शुल्क लाख-दोन लाखांच्या घरात जाते. अनेक ठिकाणी सवलत मिळते, पण ती निबंध सादर करतानाच मागावी लागते. स्वीकृतीनंतर फारसे कुणी ऐकत नाही.

आपल्या निष्कर्षाचा लोकांच्या जिवाशी तातडीचा संबंध असेल तर छापून येण्याची वाट पाहत बसू नये. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने स्पष्ट केले आहे की सार्वजनिक आरोग्याच्या आणीबाणीत अशी माहिती आधी जाहीर केल्याने पुढे प्रसिद्धीला बाधा येत नाही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना एका पानाचे मराठी टिपण द्यावे. त्यात किती रुग्ण, कोणता कालावधी, काय आढळले आणि कशाबद्दल खात्री नाही एवढेच असावे, आणि टिपणाची तारखेसह पोच घेऊन ती निबंध सादर करताना संपादकांना लिहिलेल्या पत्रात नमूद करावी.