घरच्या घरी बाइक रंगवताना या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की कुणी ना कुणी पेट्रोलची टाकी काखेत धरून माझ्या दारात उभा राहतो. "काका, रंग फुगलाय, काय करू?" मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात पेंट शॉपला अकरा वर्षं काढली, आणि आता सिडकोतल्या घराच्या पार्किंगमध्ये ओळखीच्यांच्या गाड्या रंगवतो. टाकी हातात घेतली की बहुतेक वेळा न विचारताच कळतं काय झालं असेल. चुका त्याच त्या. त्यातली एक तर मला अक्षरशः छळते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

टाकीवर साध्या कॅनचा क्लिअर मारणं

माझ्या भाच्याने त्याच्या वडिलांची आरएक्स 100 रंगवली. गाडी 1994 ची, घरातली पहिली. पोराने मन लावून काम केलं होतं. सरफेसर (रंगाखालचा थर) घासून गुळगुळीत, वर चेरी लाल, त्यावर क्लिअरचे, म्हणजे चकाकीसाठीच्या पारदर्शक थराचे, पाच हात. टाकीत चेहरा दिसत होता. वडिलांना मागे बसवून तो त्र्यंबक रोडला फेरी मारायला निघाला आणि वाटेत पेट्रोल भरायला थांबला. टाकी काठोकाठ भरली, झाकणाशी थोडं पेट्रोल सांडलं. पंपावरच्या मुलाने सवयीने फडकं फिरवलं आणि फडकं लाल झालं.

संध्याकाळी टाकी माझ्याकडे आली. झाकणापासून खाली दोन बोटं रुंदीचा पट्टा. दुधावरची साय बोटाने सरकवावी तसा रंग कडेला गोळा झालेला, आणि मधून राखाडी सरफेसर दिसत होता. "मामा, पाच हात मारले होते हो," एवढंच तो म्हणत होता. मेहुणे काही बोलले नाहीत, टाकीवर हात ठेवून बसून राहिले.

पाच मारा नाहीतर पंधरा मारा, साधा क्लिअर पेट्रोलपुढे टिकत नाही. साध्या स्प्रे कॅनमधला रंग त्यातलं थिनर उडून वाळतो, एवढंच. त्याला पुन्हा तसलंच काही लागलं की तो पुन्हा विरघळतो. टू-के, म्हणजे दोन घटक मिसळून मारायच्या, क्लिअरमध्ये हार्डनर असतो. त्याची क्लिअरशी रासायनिक क्रिया होऊन थर कायमचा पक्का होतो, मग सांडलेलं पेट्रोल पुसून टाकलं की काम झालं. दुकानात मागताना "टू-के, हार्डनरसकट" असं स्पष्ट म्हणा. नुसतं "चांगला क्लिअर द्या" म्हणाल तर समोर असेल तो डबा हातात पडेल.

माझी पद्धत अशी: रंग कॅनचा चालेल, टाकीवरचा क्लिअर मात्र कायम टू-के. स्प्रे गन नसेल तर बुडाला बटण असलेले टू-के कॅन मिळतात. बटण दाबलं की आत हार्डनर मिसळतो आणि मग तो कॅन ठेवून देता येत नाही, म्हणून सगळे पार्ट तयार झाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. सुटा घेतलात तर डब्यावर लिहिलेलं प्रमाण मापाच्या कपाने मोजा. डोळ्याच्या अंदाजाने हार्डनर ओतणाऱ्या माणसाला मी गनला हात लावू देत नाही. आठ दिवसांनी टाकीच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पेट्रोलचा बोळा फिरवून बघतो. बोळा कोराच राहिला तरच टाकी गाडीवर चढते.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. तोंडाला बांधलेला रुमाल इथे कुचकामी. एन-95 धूळ अडवतो, वाफ नाही. रंगाच्या वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क, डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे आणि मोकळी हवा, एवढं जमत नसेल तर टू-के घरी मारू नका. टाकी तयार करून आणा आणि क्लिअरपुरती पेंटरकडे द्या. घरातली लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्या वेळी जवळपास नकोत.

भर पावसाळ्यात रंग मारणं

जुलैत दोन दिवस ऊन पडलं की लोकांना उत्साह येतो. ऊन पडलं तरी हवा ओलीच असते. थिनर उडताना पत्रा गार पडतो, गार पत्र्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि ते रंगात अडकतं. मग काळी टाकी पांढुरकी दिसते, राख चोळल्यासारखी. झाक हलकी असेल तर कोरड्या दिवसाची वाट बघा आणि सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी हलका हात फिरवा, बऱ्याचदा उतरते. नाही उतरली तर 800 च्या वॉटर पेपरने घासून पुन्हा रंग मारण्याला पर्याय नाही.

डिसेंबर-जानेवारीची आपली थंडीही रंगाला चालत नाही. सकाळी सातला मारलेला रंग दुपारपर्यंत ओलाच राहतो, त्याला ओघळ येतात, वर धूळ बसते. एप्रिल-मेमध्ये उलटं, रंग पत्र्यावर पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि खरखरीत बसतो. नाशिकमध्ये मला पाऊस सरल्यावरचा नोव्हेंबर आणि मग फेब्रुवारी-मार्च हेच दिवस भरवशाचे वाटतात, तेही सकाळी अकरा ते दुपारी तीन. आधी फरशीवर पाणी मारून धूळ बसवायची, फरशी वरून सुकली की कॅन उचलायचा. थंडीत कॅन कोमट पाण्यात ठेवायचा. गॅसजवळ कधीही नाही.

पॉलिश केलेल्या टाकीवर थेट रंग

वर्षानुवर्षं चकाकीसाठी मारलेल्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. ते राहिलं तर रंग त्या जागेवरून पळतो आणि छोटे गोल खड्डे पडतात. वर आणखी रंग ओतून ते बुजत नाहीत. म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने धुवा, मग ग्रीस काढणाऱ्या लिक्विडने पुसा आणि त्यानंतरच घासा. घासायला आधी घेतलंत तर तेच सिलिकॉन ओरखड्यांमध्ये भरतं. धुतल्यावर मी टाकीवर पाणी ओतून बघतो. पाणी सलग पसरलं तर ठीक, थेंब-थेंब झालं तर पुन्हा धुणं. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही, तळहाताचा तेलकटपणाही पुरतो.

दोन हातांमधली घाई

पातळ हात मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग दुसरा. पहिला हात विरळ दिसतो, खालचा रंग डोकावतो, आणि नवख्याला राहवत नाही. तो तिथेच जाड मारतो आणि ओघळ येतो. आलेला ओघळ ओला असताना बोटाने पुसू नका. पूर्ण वाळू द्या, मग लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासा. कॅनवर "एका तासाच्या आत किंवा 48 तासांनंतर" असं काही लिहिलेलं असेल तर ते पाळा. मधल्या वेळेत मारलात तर नवीन थर खालच्या अर्धवट वाळलेल्या थरात शिरतो आणि सगळ्यावर सुरकुत्या पडतात.

बाकीच्या थोडक्यात सांगतो.

कंपनीचा रंग घट्ट असेल तर पत्र्यापर्यंत खरवडू नका. 400 च्या पेपरने घासलं की बास, त्याच्याइतका चांगला बेस तुम्हाला घरी बनवता येणार नाही.

उघडा पडलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका, गंज धरतो. त्याच दिवशी प्रायमर.

साइड पॅनल प्लॅस्टिकचे असतात. पेंट रिमूव्हर त्यांना खातो. प्लॅस्टिक प्रायमर न लावता मारलेला रंग पुढे पापुद्र्यासारखा निघतो.

लांबी (पुटी) खड्ड्यापुरतीच भरा. जाड थर टाकीच्या थरथरीने तडकतो.

टाकी रिकामी केली तरी आत पेट्रोलची वाफ राहते. तिच्याजवळ ग्राइंडर, वेल्डिंग, विडी-सिगारेट काही नको.

क्लिअरवर पॉलिश लगेच नको. मी तीन आठवडे थांबतो.

आणि रंगच बदलणार असाल तर लक्षात ठेवा, आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते. काळ्याची लाल केली तर ती नोंदही बदलून घ्यावी लागते. त्यासाठी काय कागद लागतात ते पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारून या, कॅन नंतर आणा.

भाच्याची टाकी आम्ही नोव्हेंबरमध्ये पुन्हा केली. सगळा रंग काढायला चार संध्याकाळ गेल्या. आठव्या दिवशी बोळा फिरवायला मेहुणे स्वतः आले होते, आणि बोळा पांढराच राहिला.