गॅसच्या लाइनला नळाचा प्लंबर? घरकामातल्या या चुका टाळा

नळ दुरुस्त करायला प्लंबर घरात आला की कोल्हापुरात हमखास ऐकू येतं, "मामा, आलाच आहात तर गॅसचं पण बघा की जरा!" मामाही नाही म्हणत नाहीत. पाना तोच, पाइपही दिसायला तसाच. पण पाण्याचा जोड चुकला तर फरशी ओली होऊन कळतं. गॅसचा चुकला तर ट्रॉलीच्या बंद दारामागे तो साचत राहतो आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

म्हणून सिलिंडर, रेग्युलेटर, नळी, शेगडी यांतलं काहीही बिघडलं तर गॅस एजन्सीकडे तक्रार नोंदवा, त्यांचा मेकॅनिक येईल. पाइपचा गॅस घेतला असेल तर मीटर हलवायचा असो की शेगडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला न्यायची असो, कंपनीचाच माणूस बोलवा. सिलिंडरवरची शेगडी पाइपच्या गॅसला जोडताना जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं, बदलावे लागतात. दोन्हीकडचा गॅस वेगळा आणि दाबही वेगळा. नुसती नळी लावून "पेटते का बघू" हा प्रकार नको. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पातळ टेपही गॅसला चालत नाही. गॅससाठीची जाड टेप वेगळी मिळते.

खरा घोळ ट्रॉल्या करताना होतो

राजारामपुरीतला फ्लॅट असो की मंगळवार पेठेतलं जुनं घर, स्वयंपाकघर नवं करताना सुतार, फरशीवाला आणि प्लंबर आपापलं काम उरकतात आणि गॅसची नळी उरेल त्या भोकातून ओढली जाते. भिंतीच्या भोकात नळी घासते, मागे उंदीर कुरतडतो, कुणाला दिसत नाही. रबरी नळी भिंतीतून न्यायचीच नसते. सिलिंडर मागच्या बाल्कनीत ठेवायचा असेल तर भिंतीतून तांब्याचा किंवा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप न्यायचा आणि शेगडीजवळ हाताला येईल असा व्हॉल्व्ह बसवायचा. हा पाइप टाइल्सखाली लपवू नका. दिसायला बरं दिसत नाही हे मान्य, पण गळती शोधायला उद्या ओटा फोडावा लागणार नाही.

नळी आयएसआय छापाची, आत तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळीच घ्या. लांबी दीड मीटरच्या आत, मध्ये जोड नाही, आणि पाच वर्षांनी बदलायची. तारीख नळीवरच छापलेली असते.

सिलिंडरच्या कपाटाला सुतार हवेसाठी जाळी ठेवतो, पण बऱ्याचदा वरच्या बाजूला. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो. जाळी तळाशीच हवी. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका, तो छताकडे जातो, त्यामुळे तिथे वर झरोका लागतो.

पाना पिशवीत जाण्याआधी

काम झालं, पैसे दिले, माणूस गेला, आणि तपासणी राहिली. ही चूक तर घरोघरी होते. शेगडीची बटणं बंद ठेवून रेग्युलेटर चालू करायला सांगा. साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक जोडाला लावून घ्या आणि मिनिटभर बघत राहा. रेग्युलेटरच्या तोंडाशी, जिथे नळी चढवलेली असते, तिथे एखादा बारीक बुडबुडा हळूहळू फुगताना दिसला तर जोड गळतोय. काडी ओढून तपासणारा उस्ताद भेटला तर दारातूनच रामराम घाला.

सिलिंडर बदलल्यावर लगेच वास आला तर बहुधा व्हॉल्व्हमधला वायसर खराब असतो. रेग्युलेटर काढा, टोपी लावा, खिडक्या उघडा. दिवा-पंख्याच्या बटणाला हात लावू नका. बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

गॅस गिझर

आपल्याकडचा पावसाळा म्हणजे खिडक्या बंद आणि अंघोळीला कडकडीत पाणी. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, माणूस जागच्या जागी बेशुद्ध पडतो. "सगळेच आत लावतात ओ" म्हणणाऱ्या प्लंबरचं ऐकू नका. गिझर मोकळ्या हवेत, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. आणि गिझर पेटत नसेल तर मेकॅनिकला बोलवण्याआधी त्यातले सेल बदलून बघा, टाकीच्या पाण्याला पुरेसा दाब आहे का तेही बघा.

पैशांचं थोडक्यात. मजुरी आणि सामान वेगळं ठरवा, सामानाची पावती घ्या. नवी पाण्याची लाइन प्लास्टर करण्याआधी टेस्टिंग पंपाने दाब देऊन तपासून घ्या. दुरुस्ती छोटी असेल तर थोडे पैसे दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. रात्रभर लाइन भरलेली राहू दे, सकाळी प्रत्येक जोडावरून कोरडा हात फिरवा आणि मग उरलेले द्या.